अर्जुनाला विचारायचं नाही

माझा धंदा ऐकला की लोकांना आधी हसू येतं आणि मग ते माझं कार्ड मागतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत जायचं, तिथल्या प्रोग्रामरांच्या हातात कोड लिहून देणारा एआय सहायक द्यायचा, तीन आठवडे बसून बघायचं की काम खरंच सुधारतंय की नुसता धुरळा उडतोय, आणि शेवटी घ्या किंवा घेऊ नका हे लेखी कळवायचं. दोन वर्षांत अशा एकोणीस कंपन्या झाल्या. त्यांतल्या सतरा मालकांना उत्तर आधीच ठरवून हवं होतं. उरलेल्या दोघांना प्रश्नच कळला नव्हता.

सांगलीचे दिग्विजयदादा म्हणजे विसावी कंपनी. चार साखर कारखाने त्यांचं सॉफ्टवेअर वापरतात. कुणाच्या उसाला कोणत्या दिवशी तोड द्यायची ते हे सॉफ्टवेअर ठरवतं. मग शेतकऱ्याच्या आणि टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलवर निरोप जातो, आणि दुसऱ्या दिवशी टोळी कोयते घेऊन शेतात हजर. एक डिसेंबरला मी त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात पाऊल टाकलं तेव्हा दारातच दहा फुटी फ्लेक्स गुंडाळून ठेवला होता. एका पोरानं तो हौसेनं उलगडून दाखवला. ‘एआययुक्त ऊसतोडणी प्रणालीची यशस्वी अंमलबजावणी’, खाली एकवीस डिसेंबर ही तारीख, आणि दिग्विजयदादांचा गॉगल घातलेला फोटो. मी अजून बॅगसुद्धा खाली ठेवली नव्हती.

“एकवीसच कशी काय?” मी विचारलं.

“प्रमुख पाहुण्यांना तीच मोकळी आहे ना, ताई,” दिग्विजयदादा म्हणाले. “तुम्ही निवांत बघा. फक्त एकवीसच्या आत चांगलं बघा.”

आमच्या भागात आधी पाहुण्यांची तारीख मिळते, मग हॉल ठरतो, मग फेटेवाला, आणि सगळ्यात शेवटी ज्याचा सत्कार करायचा ते काम सुरू होतं. मी रहिमतपूरची. हे बघतच वाढले, त्यामुळे आश्चर्य वाटून घ्यायचा मला हक्क नव्हता. किळस वाटून घ्यायचा मात्र होता, आणि तो मी पुरेपूर वापरला.

केबिनचं दार लावून घेऊन दादांनी खरं काम सांगितलं. “अर्जुना म्हणून एक आहे आमच्याकडं. अकरा वर्षं झाली. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला, चालही तीच. आठवड्यात तो किती काम उरकतो आणि तुमचं यंत्र किती उरकतं, एवढा आकडा मला द्या. आकडा हातात आला की त्याला मोकळा करतो. नुसतं काढलं तर लोक नावं ठेवतात, तुमच्या सहीचा कागद असला की बरं.”

म्हणजे माझ्या अहवालावर एका माणसाची नोकरी अडकली होती, आणि ते मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठले नाही. मनाशी म्हटलं, आपण खरं तेच मोजू, आणि खरं मोजलं की कुणावर अन्याय होत नाही. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला असली वाक्यं लागतात.

अर्जुना आटपाडीच्या पलीकडचा, बेचाळीस वर्षांचा, अंगात कायम एकच निळा स्वेटर. त्याची कामाची पद्धत बघून मी पहिल्या दिवशी कपाळावर हात मारला. हा गडी कोडची एक ओळ बदलायची तर आधी फोन उचलायचा. कारखान्याच्या शेतकी विभागातला माणूस, टोळीचा मुकादम, कधी थेट शेतकरी. “व्हय वो काका, त्या वढ्याकडच्या पट्टीला ट्रॅक्टर कुठनं जातो? बरं बरं. आन् म्हस कशी हाय आता?” पंचवीस मिनिटं बोलणं, मग दोन मिनिटं टायपिंग. मलाही तो चुकारच वाटला. वाटला ते वाटला, मी तसं वहीतही लिहिलं.

चाचणी मी नेहमीसारखीच आखली. एका बाजूला शंभूराज आणि प्रांजल, दोघंही पंचविशीच्या आतले, त्यांच्या हातात सहायक. दुसऱ्या बाजूला एकटा अर्जुना, सहायकाशिवाय. दोन्हीकडे कामांची यादी एकच. आणि माझा नियम असा, की तीन आठवडे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला काहीही विचारायचं नाही. एकमेकांना विचारलं की कुणाचं काम कुणी केलं ते कळत नाही, मोजमाप गढूळ होतं. या नियमाचा मला फार अभिमान होता. परिषदेत तो मी पडद्यावर दाखवते, लोक त्याचे फोटो काढतात.

पहिल्या आठवड्यात सहायकानं झकास काम केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या कोडमधल्या तीन चुका त्यानं अशा काढल्या की शंभूराजला त्या वर्षभर सापडल्या नव्हत्या. दोघा पोरांची एकोणीस कामं झाली. अर्जुनाची चार. दिग्विजयदादांनी तो आकडा संध्याकाळच्या आत व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावला आणि नवीन कोड थेट कारखान्यांच्या सर्व्हरवर चढवायला सांगितला.

“चाचणी संपेपर्यंत चढवू नका,” मी म्हटलं.

“हो हो,” ते म्हणाले, आणि चढवला. त्यांच्या ‘हो हो’चा अर्थ ऑफिसातल्या चहावाल्यालाही ठाऊक होता. मलाही होता. मी आणखी एकदा सांगितलं असतं तर माझी जीभ झडली नसती.

दुसऱ्या आठवड्यात काम आलं ते तोडणीच्या क्रमाचं. कोड फार लांबलाय, सुटसुटीत करा, एवढीच सूचना. सहायकाला त्यात एक विचित्र अट सापडली. काही शेतांपुढं ‘फ’ अशी खूण होती. अशी शेतं रांगेतून बाजूला निघायची आणि कुणीतरी हातानं घातलेल्या तारखेपर्यंत थांबायची. ही खूण काय, तारीख कोण घालतं, का घालतं, कुठंच लिहिलेलं नव्हतं. सहायकानं अट काढून कोड चाळीस ओळींनी कमी करून दाखवला. पण खाली टीप दिली होती: हा नियम कशासाठी आहे ते कोडवरून समजत नाही, काढण्याआधी माहीतगार माणसाला विचारावं.

टीप प्रांजलनं वाचली. त्या ऑफिसात वाचण्याची सवय असलेली ती एकटीच. ती उठली आणि अर्जुनाच्या टेबलाकडे निघाली. अंतर दहा पावलांचं.

“प्रांजल,” मी म्हटलं, “नियम.”

ती अर्ध्यातून वळली आणि जागेवर बसली. शंभूराजनं ‘स्वीकारा’चं बटण दाबलं. चाचण्या सगळ्या पास झाल्या, कारण चाचण्यांमध्येही ‘फ’ कुणी घातला नव्हता, आणि कोड त्याच दिवशी कारखान्यांच्या सर्व्हरवर चढला. यंत्रानं विचारायला सांगितलं होतं. विचारू दिलं नाही ते मी. वहीत मी लिहिलं: वेळ अकरा मिनिटं, निकाल उत्तम.

चार दिवसांनी दुपारी अर्जुनाचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की सगळ्या ऑफिसला ऐकू येत होता. अंबूबाई, कृष्णाकाठच्या एका गावातली सत्तरीची बाई.

“आर्जुना, टोळी येऊन एकर रान तोडून गेली रं. तीन दिस झालं, ऊस रानातच वाळतुया. बाळासो वाट देईना. नाथाजीची रजा म्हैनाभर लांब हाय. तू तारीख का बदललीस, लेकरा?”

“मी न्हाई बदलली, काकू,” अर्जुना म्हणाला. “येतो मी.”

फोन ठेवून त्यानं माझ्याकडे बघितलं. आवाज चढला नव्हता. “मॅडम, आता इचारू का, ‘फ’ कुणी काढला ते?”

मग त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. ‘फ’ म्हणजे फौजी. त्या पट्ट्यातल्या घरटी एक माणूस सैन्यात. घरी म्हातारी आईबाप, बायका. अंबूबाईचा मुलगा नाथाजी त्यांतलाच. तिचं रान मागल्या अंगाला, आणि तिथं ट्रॅक्टर जायचा तर नाथाजीच्या चुलतभावाच्या, बाळासोच्या रानातनं. बाळासो वाट देतो, पण नाथाजी स्वतः येऊन त्याच्या ओट्यावर बसला, चहा प्याला, दोन शब्द बोलला, तर. बाईमाणसाला तो वाट देत नाही आणि निरोपाला तर मुळीच नाही. भाऊबंदकीच ती, कायद्यानं सुटायची नाही. मग अर्जुनानं अकरा वर्षांपूर्वी ही खूण घातली. फौजीची रजा ठरली की घरून अर्जुनाला फोन यायचा, तो तारीख घालायचा, आणि तोड बरोबर रजेत पडायची. अशी छत्तीस शेतं होती. कारखान्याला ठाऊक नव्हतं, दिग्विजयदादांना नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

“मग लिहून का नाही ठेवलं?” मी विचारलं. असल्या वेळीही माझ्या तोंडून हेच निघालं.

“कुणासाठी लिवायचं, मॅडम?” तो म्हणाला आणि मोटारसायकलची किल्ली घेऊन गेला.

प्रांजलनं दहा मिनिटांत जुनी अट परत बसवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शंभूराज म्हणाला की चूक सहायकाची आहे. दिग्विजयदादांनी केबिनमधून डोकं बाहेर काढून विचारलं की अर्जुना कामाच्या वेळेत कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही, बहुधा स्वतःची समजूत घालायला. बाळासोनं वाटेवर बैलगाडी आडवी लावली होती आणि स्वतः जोत्यावर बसून पेपर वाचत होता. अर्जुनानं आदल्या दिवशी नाथाजीला थेट लष्करी चौकीवरून व्हिडिओ कॉलवर आणलं होतं. बाळासो म्हणाला होता, “फोनातला माणूस घरात आला म्हनायचा का?” आणि पेपर पुढं धरला होता. त्या गृहस्थाविषयी मी काय बोलू. पण त्याचा नियम निदान त्याला स्वतःला पाठ होता.

मग उरला वाट नसलेला मार्ग. ओढ्याच्या कडेनं, डोक्यावर मोळ्या घेऊन, पार डांबरी रस्त्यापर्यंत. अर्जुना, नाथाजीची बायको रेश्मा, आणि गावातली सात-आठ माणसं. निळा स्वेटर त्यानं काढून बाभळीला अडकवला होता. वाळलेल्या उसाचं पातं त्याची मान चिरत होतं आणि तो खेपा घालत होता. अंबूबाई बांधावर बसून मोळ्या बांधून देत होती. तिनं माझ्या चपलांकडे बघितलं.

“तुमी कोण, बाई?”

“मी कंपनीतून आले.”

“काय काम करता?”

“बघायचं,” मी म्हटलं. खरं तेच होतं.

“मग बगा,” ती म्हणाली आणि पुढची मोळी ओढली.

माझ्या तक्त्यात त्या दोन दिवसांच्या रकान्यात अर्जुनाच्या नावापुढं शून्य पडलं. दोन दिवसांत त्यानं कोडची एकही ओळ बदलली नव्हती. दिग्विजयदादांनी त्याला दोन दिवस दांडी असं नाव दिलं.

अहवाल मात्र मी मन लावून लिहिला, बारा पानांचा. सहायक घ्यावा, तो चांगला आहे. पण ज्याला रानाची वाट माहीत आहे त्याला काढून सहायक घेऊ नये. अर्जुनाचे फोन म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे, या कंपनीत तपासणी म्हणून जे काही होतं ते तेवढंच आहे. सातव्या पानावर मी स्पष्ट लिहिलं की उसाचं नुकसान यंत्रामुळं झालं नाही, माझ्या नियमामुळं झालं. ते पान लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं, आता सांगताना शरम वाटते. एकोणीस तारखेला मी अहवाल दादांना पाठवला आणि ठरवलं की एकवीसला व्यासपीठावर हेच बोलायचं.

एकवीसला सकाळी हॉलच्या मागच्या खोलीत फेटेवाला माझ्या डोक्याला फेटा बांधत होता तेव्हा दिग्विजयदादा आले.

“ताई, अहवाल वाचला. फार छान. दोन शब्द बोला, पण पान सातवर जाऊ नका. खाली सहा कंपन्यांचे मालक बसलेत, सगळ्यांना तुम्हीच हव्या आहात. त्यांना कशाला घाबरवायचं.”

“आणि अर्जुना?”

त्यांनी कोटाच्या खिशावर थाप मारली. “पत्र तयार आहे. कार्यक्रम झाला की देतो. आभार मानायला त्यालाच सांगितलंय. जुना माणूस, बरं दिसतं.”

फेटेवाल्यानं मान सरळ ठेवायला सांगितली म्हणून मी सरळ ठेवली.

हॉल भरला होता. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं बोलले. एआय ही खताची नवी जात आहे अशी त्यांची समजूत असावी, कारण एकरी उतारा किती वाढेल ते त्यांनी तीनदा सांगितलं. मग शाल, श्रीफळ, माझा सत्कार, टाळ्या. माइक माझ्या हातात आला. सहा मालक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. मी म्हटलं की इथल्या तरुणाईचा उत्साह पाहून भारावले, आणि सांगलीनं पुण्याला वाट दाखवली. सातव्या पानावर मी गेले नाही. भीती दिग्विजयदादांची नव्हती, असल्या दिग्विजयांना मी ओळखून आहे. भीती एवढीच, की त्या सहा जणांना कळेल, जिला ते बोलवणार आहेत तिच्याच नियमानं एका म्हातारीचा ऊस वाळला. दोन वर्षं मी मालकांना भित्रे म्हणत आले.

मग अर्जुना माइकपाशी आला. स्वेटर धुतलेला, मानेवर ओरखडे. हातात नावांची यादी. त्यानं प्रमुख पाहुण्यांचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, चहावाल्याचे मानले. मग थांबला आणि माझ्याकडे वळला.

“मॅडमचं आभार मानायचं हायत. पर त्यांनी माझ्याबद्दल काय लिवलंय ते मला कुणी सांगितलं न्हाई. मॅडम, हितंच सांगा, म्हंजी नेमकं कशाचं आभार मानायचं ते मला कळंल.”

अहवाल माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. उठून एक पान वाचायचं, एवढंच. चारशे लोकांसमोर वाचलं असतं तर ते खिशातलं पत्र दादांना त्या दिवशी तरी काढता आलं नसतं, आणि हे मला बसल्या जागी कळत होतं. दुसऱ्या रांगेतून प्रांजल माझ्याकडे बघत होती.

“सविस्तर अहवाल नंतर देते,” मी म्हटलं.

अर्जुनानं मान हलवली. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“मग आभार बी नंतर मानतो,” तो म्हणाला. यादी माइकच्या स्टँडपाशी ठेवली, पायऱ्या उतरला आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं बाहेर गेला. शंभूराज दादांच्या खुणेवर पत्र घेऊन त्याच्या मागं धावला आणि ते त्याच्या हाती देऊन मोकळ्या हातानं परत आला.

आमच्याकडे आभार झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. कुणी उठेना. प्रमुख पाहुणे घड्याळ बघू लागले, चहाचे ट्रे दारात थांबले, चारशे माणसं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दिग्विजयदादा माझ्या कानाशी लागले. “ताई, तुम्हीच माना आभार. उरका.”

मी उठले. स्टँडपाशी ठेवलेली यादी उचलली. अर्जुनाचं अक्षर सुबक होतं, प्रत्येक नावापुढं त्या माणसानं काय केलं ते त्यानं लिहून ठेवलं होतं. शेवटचं नाव माझं होतं आणि त्याच्यापुढची जागा कोरी होती. मी माझं नाव गाळून बाकी सगळी यादी स्पष्ट आवाजात वाचली. टाळ्या झाल्या आणि लोक चहाला उठले.